चिक चॉकलेट म्हणजे नुसती नक्कल? मला नाही पटत

कृष्णाकाठ (सांगली)

परवा 'पेटीमास्तर' यांनी इथं लिहिलं की ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट ही अमेरिकन जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगची देशी नक्कल, अण्णा चितळकरांनी (म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र) हात दिला नसता तर हॉटेलातच तुतारी फुंकत बसला असता, आणि हल्ली अरेंजर लोकांना, म्हणजे कुठलं वाद्य कुठं वाजायचं ते ठरवणाऱ्यांना, उगाच डोक्यावर घेतलं जातंय. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

आर्मस्ट्राँगची छाप होतीच. लोक त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडत असणार. पण गोव्यात अल्दोण्याला १९१६ साली जन्मलेला आन्तोनियो झेवियर वाझ मुंबईला येतो, ताजमध्ये साहेबांना नाचवतो आणि तेच सूर आपल्या भगवानदादांच्या पायात आणून घालतो, ही नक्कल? अण्णांचं संगीत असलेला 'अलबेला' (१९५१) पुन्हा लावा. चिकसाहेबांचा बँड त्यात पडद्यावरही दिसतो, पण तो बघू नका, डोळे मिटून नाचाची गाणी ऐका. गाणारा दम घेतो तिथंच पितळ आत शिरतं आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतं. एकदाही शब्दावर पाय देत नाही. हे परदेशी रेकॉर्ड ऐकून येत नाही, त्यासाठी आपलं गाणं अंगात मुरावं लागतं.

त्यांना फक्त दणका येत होता असं वाटणाऱ्यांनी 'नादान' (१९५१) मधलं तलतचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' ऐकावं. संगीत चिक चॉकलेट. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्डवरचं नाव दोनदा वाचलं होतं.

पेटीमास्तर (सातारा)

नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो.

गाणं म्हणजे चाल. अण्णा पुणतांब्याचे, नागपुरात सप्रेबुवांकडे शिकलेले. 'धीरे से आजा री अँखियन में' ही 'अलबेला'तली, पिलू रागातली लोरी कुठल्या ट्रम्पेटवाल्यानं केली? मी चाळीस वर्षं भजनात पेटी धरतोय. पखवाज कितीही घुमला तरी अभंगाच्या शेवटी नाव तुकोबांचंच येतं.

आणि 'समाधी' (१९५०) मधलं 'गोरे गोरे' कशावरून आलं ते तुम्हालाही माहीत आहे. १९४५ च्या अमेरिकन सिनेमातलं 'चिको चिको'. मग नक्कल म्हटलं तर एवढं का झोंबावं? 'नादान' झाला, १९५६ चा 'कर भला' झाला, स्वतंत्र सिनेमे बोटांवर मोजण्याइतकेच. दम असता तर निर्मात्यांनी दारात रांग लावली असती.

मिरजेची (मिरज)

काका, रांगेचा आणि दमाचा काय संबंध? माझं माहेर सतारमेकरांचं. आजोबा भोपळ्यावर नुसती टिचकी मारून सांगायचे, याचा तंबोरा खर्जात चांगला बोलेल म्हणून. त्यांनी तारा चढवलेल्या तंबोऱ्यावर मोठमोठे गवई गायले. कार्यक्रमाला आजोबांची खुर्ची शेवटच्या रांगेत, तीही कुणी उठून दिली तर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला २०२४ साली. आजोबा तोवर राहिले नव्हते. त्यांच्यात दम नव्हता म्हणायचं का?

आणि 'गोरे गोरे' नक्कल असेल तर संगीतकार म्हणून नाव कुणाचं लागलंय? श्रेय घ्यायचं तेव्हा अण्णांचं आणि उचलेगिरी निघाली की चिकची, हा कुठला न्याय?

पेटीमास्तर (सातारा)

एवढं मान्य. 'गोरे गोरे'चं उदाहरण मी द्यायला नको होतं. बाकी म्हणणं तसंच आहे.

तासगावकर

आवो, ट्रम्पेटवर एवढं लिवताय, पण आपल्या गल्लीत शेवटचा ट्रम्पेट कधी ऐकला ते सांगा की. रथाला आमच्याकडं बँड असायचा. आता कुठल्याबी वरातीत बघा, ट्रॅक्टरवर डॉल्बीची भिंत. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या आजीला वरात जाईपर्यंत मागच्या खोलीत कानात कापूस घालून बसवावं लागलं. खिडकीची काच तडकली. चिक चॉकलेट आज आला तरी त्याला सुपारी देणार कोण?

कडेगावचा

डॉल्बीला शिव्या घालणं सोपंय. माझ्या बहिणीच्या लग्नात आम्ही हौसेनं बँडच सांगितला. बारा माणसं ठरली, आली सात. त्यातले दोघं नुसती वाद्यं धरून उभे, फुंकतच नव्हते. 'बहारों फूल बरसाओ' लावलं ते असं बेसूर की नवरदेवाचा मामा म्हणाला, बंद करा. डॉल्बी निदान सुरात तरी असतो. लोक काय वेडे म्हणून तिकडं गेले?

कृष्णाकाठ (सांगली)

कडेगावचे दादा, हे वाचून हात थरथरले. माझे वडील एकवीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ती 'धरून उभी' माणसं कोण असतात माहीत आहे? पोरगा आजारी म्हणून आलेला नसतो, त्याची हजेरी जाऊ नये म्हणून भाऊ ड्रेस घालून उभा राहतो. वैशाखात एका दिवसात तीन लग्नं वाजवून वडील घरी आले की ओठ सुजून वरचा नाकाला टेकलेला. आई तूप लावायची. दुसऱ्या दिवशी तोच ओठ पुन्हा पितळेवर.

ट्रम्पेटला बटणं तीन. तीन बटणांचे जुळवून प्रकार होतात सात. बाकीचे सगळे सूर ओठ आणि श्वास यांच्यातून काढायचे. पेटीला पट्टी दाबली की सूर मिळतो, इथं तो दर वेळी नव्यानं घडवावा लागतो. ओठ फुटला की सूर फुटणारच. आणि जेवण? पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, मांडवाच्या बाहेर. एका लग्नात तर नुसता भात उरला होता, आमटी संपली म्हणाले. ही सांगलीतलीच गोष्ट आहे, हवेतली नव्हे.

कडेगावचा

तुमच्या वडिलांना मी काही म्हटलेलं नाही. पण पैसे आम्ही बाराचे मोजले, तेही खरंच ना? गरिबी सांगितली की बेसूर सुरात येतो का?

मिरजेची (मिरज)

बेसूर सुरात येत नाही. पण ज्याला आपण आमटी वाढत नाही, त्याच्याकडून सूर मागताना थोडी लाज असावी.

कडेगावचा

आमच्या मांडवात सगळे जेवले होते. आमटीसकट. बोलण्याआधी माहिती घेत चला.

पेटीमास्तर (सातारा)

भांडण मुद्द्यावर आणतो. कृष्णाकाठ, पेटीचं तुम्ही जे लिहिलंत ते लागलं, पण खोटं नाही. तरीही विचारतो, वाजवणारा आणि चाल बांधणारा एक कसे?

कृष्णाकाठ (सांगली)

एक नाहीतच. मी फक्त म्हणतोय की तिसरा माणूसही असतो. संगीतकार पेटीवर चाल देणार, 'सारेगम' सांगणार. समोर बसलेल्या वीस-पंचवीस वादकांतले बरेच गोव्याचे, चर्चच्या शाळेत नोटेशन घोटलेले. त्यांच्या पुढ्यात कागद लागतो. कुठल्या ओळीला क्लॅरिनेट, कुठं सॅक्सोफोन, कुठं सगळ्यांनी गप्प, हे लिहिणार कोण? अण्णांकडे ते काम चिक करायचे, पुढे जॉन गोम्सनी केलं. अण्णांच्याच 'ईना मीना डीका'मध्ये 'माका नाका' येतं ना, ते सरळ कोकणी आहे, 'मला नको'. गोव्याची माणसं शब्दांपर्यंत पोचली होती, सुरांचं तर सोडाच.

मुंबईत सहायक म्हणून रोज काम मिळत होतं, घर चालत होतं. स्वतंत्र सिनेमे कमी मिळाले ते याही कारणानं असेल. चिकसाहेब १९६७ साली गेले, जेमतेम पन्नाशीत. त्याच्या आदल्याच वर्षी 'आखरी खत'मध्ये ते पडद्यावर दिसतात, भूपिंदर गातोय आणि हे ट्रम्पेट वाजवताहेत. तेवढा तुकडा बघा. गाल फुगलेले नाहीत. वडील मला तेच दाखवायचे, "हवा पोटातनं येती बघ, गालातनं नाही."

पेटीमास्तर (सातारा)

आत्ता बघितलं. तीनदा.

'नक्कल' हा शब्द मागे घेतो. चाल अण्णांची हे मात्र मी सोडणार नाही, मेलो तरी.

वेगळंच विचारायचं होतं. नातू सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये त्याला ट्रम्पेट दिलाय. शिकवणारे सर महिन्यातनं दोनदा येतात. तुमच्या वडिलांच्या वहीत नोटेशन लिहिलेलं असेल ना काही?

कृष्णाकाठ (सांगली)

आहे. शाईनं लिहिलेली दोनशे पानी वही, २०१९ च्या पुरात भिजलेली. 'शाम ढले'चं पान नीट वाचता येतं, 'गोरे गोरे'ची शेवटची ओळ धुऊन गेलीय. फोटो काढून पाठवतो. ती ओळ तुम्ही पेटीवर काढून द्या, मी खाली लिहून ठेवतो.