फरशीचे सांधे कसे साफ केलेत, किती खर्च आला?

आम्ही नव्या घरात आलो त्याला दीड महिना झाला. नवं म्हणजे आमच्यासाठी नवं, आधीच्या लोकांनी ते बारा वर्षं वापरलंय. स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या मधलं ग्राउट काळपट रंगाचंच निवडलेलं असणार, असं मी धरून चालले होते. परवा फ्रिज पुढे ओढला, तर त्याच्याखालचे सांधे चक्क फिकट बदामी! इतके दिवस मी ज्याला रंग समजत होते तो मळ होता.

सफाईवाल्या दोघांना बोलावलं. एकाने चौरस फुटाचा दर सांगितला. दुसरा खाली वाकला, टाइलवर वीत ठेवून काहीतरी मोजलं आणि ठोक आकडा बोलला, पहिल्याच्या हिशेबाच्या अडीचपट. घरातही एकमत नाही. नवरा म्हणतो आपणच घासू, सासूबाई म्हणतात उकरून नवीनच भरून घ्या. तुम्ही कोणी हे केलंय का? काय वापरलं, किती वेळ गेला, पैसे कुठे कामी आले आणि कुठे पाण्यात गेले, सगळं लिहा. फसलेलं आधी लिहा.

*

फसलेलं आधी म्हणालात, म्हणजे पहिला नंबर माझाच.

बाथरूमच्या भिंतीवर पाण्याच्या क्षारांचा पांढरट थर बसला होता. संडास साफ करायचं ॲसिडवालं द्रव ओतलं, दहा मिनिटं ठेवलं आणि घासलं. फसफसून फेस आला, थर गेला, सांधे पांढरेशुभ्र. इतका खूश झालो की दर पंधरा दिवसांनी तेच सुरू केलं. वर्षभराने एकदा अंघोळ करताना सहज सांध्यावरून बोट फिरवलं, तर बोटाला वाळू लागली. नखाने खरवडलं तर भुगा पडला.

तो फेस नुसता मळाचा नव्हता. ग्राउट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि रंग. ॲसिडला क्षाराचा थर आणि सिमेंट यांतला फरक कळत नाही, चुना दोन्हीत आहे आणि ते दोन्हीही खातं. दर वेळी जो 'नवा' पांढरा सांधा दिसत होता, तो सांध्याचा आतला थर होता. ॲसिडच्या वाफेने नळांचं क्रोमही खालून खरबरीत झालं, ते वेगळंच. बाटली स्वस्तातली होती, पण शेवटी तीन भिंतींचे सांधे उकरून भरण्याची मजुरी द्यावी लागली.

आता क्षारांसाठी सायट्रिक ॲसिड वापरतो, तेही पातळ करून. आधी सांधे साध्या पाण्याने चांगले भिजवतो, म्हणजे ते ॲसिड कमी पितात. दोन-चार मिनिटांत भरपूर पाण्याने धुतो. संगमरवर असेल तर तेवढंही करू नका. त्यावर ॲसिडने पडलेला पांढुरका ठिपका हा डाग नसतो, तिथला दगडच खाल्लेला असतो. तो पुसून जात नाही, परत पॉलिश करावं लागतं.

*

मी फरशी बसवायची कामं करतो, वीस वर्षं झाली. ताई, तुमच्या दोन दरांचं कोडं सांगतो. ज्याने वीत ठेवून मोजलं त्याला काम कळतं. महाग असेल, पण कळतं.

सफाईत वेळ टाइलला लागत नाही, सांध्याला लागतो. आणि सांधा किती आहे ते टाइलच्या आकारावर ठरतं. २ फुटी चौकोनी टाइल असेल तर दर चौरस फुटामागे सांधा १ फूट. १ फुटी टाइलला २ फूट, ४ इंचीला ६ फूट. आणि १ इंची मोझेइक असेल तर २४ फूट! म्हणजे १०० चौरस फुटांच्या दोन खोल्या, २ फुटी टाइलच्या खोलीत १०० फूट घासायचं, ४ इंचीच्या खोलीत ६००. दर एकच कसा असेल? फोनवर नुसतं क्षेत्रफळ सांगितलंत तर माणूस कमी दर बोलतो आणि दारात येऊन वाढवतो. टाइलचा आकार आधीच सांगून टाका.

अजून दोन गोष्टी विचारून घ्या. कमीत कमी पैसे किती लावता? छोट्याशा बाथरूमसाठीही यंत्र घेऊन यावंच लागतं, म्हणून बहुतेक जण एका फेरीचे ठरावीक पैसे लावतात. दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच दिवशी काढलं तर परवडतं. दुसरं म्हणजे दरात सीलर, म्हणजे सांध्यात तेल-पाणी मुरू नये म्हणून लावायचं द्रव, धरलाय की वेगळा?

उकरण्याबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण नुसता काळा पडलेला सांधा उकरू नये. भुगा होत असेल, भेगा असतील, तुकडे निघत असतील तरच उकरा. उकरताना टाइलच्या कडा उडतात आणि तसली टाइल नंतर शोधून सापडत नाही. आणि उकरायचंच ठरलं तर ओल्या जागेसाठी इपॉक्सी ग्राउटचा, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या ग्राउटचा, विचार करा. माल कितीतरी महाग, भरणाऱ्याचा हात भरभर चालावा लागतो, आणि टाइलवर राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर जन्मभर बघत बसा. पण ते तेल-पाणी पीत नाही आणि सीलर लागत नाही.

*

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून झालंय का सगळ्यांचं? माझंही झालंय. फसफसताना काय भारी वाटतं! शाळेतलं आठवा: एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात. उरतं ते जवळजवळ पाणीच. नुसत्या सोड्याची पेस्ट परवडली, निदान खरखरीत तरी असते.

*

आमचं स्वयंपाकघर ८० चौरस फूट आहे, आणि ते मी एकटीने केलं. दोन रविवार आणि दोन गुडघे खर्ची पडले. पैसे म्हणाल तर पावडर, ब्रश आणि गुडघ्याखाली घ्यायची जाड गादी, एवढेच.

स्वयंपाकघरातला काळेपणा म्हणजे तेलाचा चिकटा आणि त्यावर बसलेली धूळ. तिथे ॲसिडचं काही चालत नाही, अल्कली लागते. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून एक हात फिरवला. मग ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. कपड्यांचे डाग काढायच्या पावडरींमध्ये असतं ते. चांगल्या गरम पाण्यात विरघळवायचं, गार पाण्यात त्याला जोर येत नाही. सांध्यात थारोळं होईल इतकं ओतायचं आणि १५-२० मिनिटं वाळू द्यायचं नाही. वाळायला लागलं की अजून ओतायचं. मग नायलॉनचा ताठ, अरुंद ब्रश. तारेचा नको, ग्राउट ओरखडतं आणि तारेचे तुकडे आत राहून गंजतात.

खरी मेख पुढे आहे. घासून निघालेलं करडं पाणी तिथेच ठेवलंत तर ते परत सांध्यात मुरतं. मी एक ओळ घासायची, लगेच जुन्या टॉवेलने टिपायची, मग स्वच्छ पाणी, परत टॉवेल. आणि ओल्या सांध्याकडे बघून निकाल लावू नका. ओलं ग्राउट गडदच दिसतं. पहिल्या रात्री मी रडकुंडीला येऊन झोपले. सकाळी पाणी प्यायला उठले तर पहिल्या चार ओळी खोलीत वेगळ्याच उठून दिसत होत्या.

उरलेलं द्रावण झाकणबंद बाटलीत ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुगते. आणि क्लोरीनवालं ब्लीच आणि ॲसिड एका दिवशी एका बाथरूममध्ये आणूच नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू होतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी विषारी वायू होतो, फक्त वेगळा. आमच्या शेजारच्या काकूंना त्या वासाने दार उघडून बाहेर पळावं लागलं होतं.

*

आम्ही यंत्रवाले बोलावले. फिरता ब्रश, मागोमाग मळकं पाणी ओढून घेणारी नळी. मधली फरशी खरंच छान निघाली, ते नाकारत नाही. पण गोल ब्रश कोपऱ्यात आणि कमोडच्या मागे पोचत नाही. तिथे हाताने करायचं ठरलं होतं, ते राहिलं. वर फरशी ओली असतानाच सीलर फासून मोकळे झाले. ग्राउटच्या छिद्रांमध्ये आधीच पाणी भरलेलं असेल तर सीलर आत जाणार कुठे? महिन्याभरात ढगाळ पट्टे दिसायला लागले. फोन केला तर म्हणे तुमचं पाणी खराब आहे.

आता पुन्हा बोलावलं तर आधी चौरस फूटभर जागा करून दाखवा म्हणणार. सीलरला दुसऱ्या दिवशी या म्हणणार, आणि शेवटचा हप्ता सगळं वाळल्यावर.

*

आमच्या बाथरूमच्या सांध्यांवर पांढरी भुकटी यायची. पुसली की आठवड्यात परत हजर. तीन प्रकारची क्लीनर्स आणली. चौथं आणायला निघालो तेव्हा गवंड्याने विचारलं, "ओल कुठून येतेय ते बघितलं का?" भिंतीतल्या पाइपचा जोड गळत होता. ओल सिमेंटमधले क्षार विरघळवून वर आणते, पाणी उडून जातं, क्षार राहतात. जोड बदलला, भुकटी बंद. क्लीनर्स अजून पडून आहेत, कोणाला हवीत तर सांगा.

*

टबच्या कडेचा किंवा कोपऱ्यातला काळा ठिपक्यांचा सांधा बहुतेक ग्राउट नसतो, सिलिकॉन असतं. बुरशी आत शिरली असेल तर घासण्यात अर्थ नाही. ब्लेडने कापून काढा, जागा कोरडी होऊ द्या, नवीन भरा. वाळण्याचा वेळ सोडला तर तासाभराचं काम.

*

सगळे काय लावलं ते सांगताय. मी सत्तरीची बाई, मला एकच विचारायचंय. एका बादलीत अख्खं घर पुसता, मग ते काळं पाणी जातं कुठे? सांधा टाइलपेक्षा खोल, ते तिथेच जाऊन बसणार. दर खोलीला पाणी बदला. आणि अंघोळ झाली की वायपर मारायला कोणाचे हात दुखतात?

*

मीच परत. फरशीवाल्या दादांचं वाचून टेप घेऊन बसले. आमची टाइल ६ इंची, म्हणजे चौरस फुटाला ४ फूट सांधा. स्वयंपाकघर ९० चौरस फूट, झाले ३६० फूट! वीत ठेवणाऱ्याला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

सांध्यावर पाण्याचा थेंबही ठेवून बघितला. लगेच आत शिरला आणि गडद ठिपका पडला, म्हणजे सीलर असलाच तरी आता उरलेला नाही. भुगा मात्र कुठेच नाही, त्यामुळे उकरणं रद्द. सासूबाईंनी "बघा बाई तुमचं" म्हणून परवानगी दिली.

काल नवऱ्याने गरम पाणी आणि ऑक्सिजन ब्लीच घेऊन ओट्याखालून सुरुवात केली. आज सकाळी वाळलेल्या दोन ओळी फ्रिजखालच्या बदामी रंगाशी लावून बघितल्या, अगदी जुळल्या. तिसऱ्या ओळीला त्याने कंबर धरली आणि त्या ठोकवाल्याचा नंबर मागितला.