अवघड म्हणजेच खरं का? सिम रेसिंगमधल्या गाड्या इतक्या का घसरतात?

तिरपं_टायर (धागाकर्ता)

परवा रात्री दीड वाजता सिममध्ये (म्हणजे खऱ्या गाडीची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या रेसिंगच्या खेळात) एकाच वळणावर चौथ्यांदा गरागरा फिरलो. हेडफोनमधून लीगमधला मित्र शांतपणे म्हणाला, "खरी गाडी अशीच असते, भिया." म्हणणारा पोरगा 19 वर्षांचा. चालवतो स्कूटी. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

सिम खेळणाऱ्यांत 'जितकी अवघड तितकी खरी' ही समजूत घट्ट बसलीय आणि माझ्या मते ती साफ चूक आहे. 1998 साली 'ग्रां प्री लेजेंड्स' आला. त्यात 1967 च्या फॉर्म्युला वनच्या गाड्या होत्या: पंख नाहीत, टायर जुन्या पद्धतीचे, ताकद मात्र दांडगी. तो खेळ अवघड होता कारण त्या गाड्याच तशा होत्या. लोकांनी त्यातून धडा भलताच घेतला, की ज्या खेळात आपण भेलकांडत नाही तो पोरखेळ. आता कुठल्याही सिममध्ये साधी घरगुती हॅचबॅक घ्या, वळणात गॅस सोडा, मागची बाजू चालली फिरायला!

माझी स्वतःची हॅचबॅक मी नऊ वर्षं चालवतोय. खरा घसरलो तो एकदाच. जुलै महिना, इंदूरजवळचा चोरलकडचा रस्ता, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून सोडलेली आणि वरून भुरभुर पाऊस. वेग चाळिसाच्या आसपास. स्टिअरिंग वळवलं, गाडी सरळच. घाबरून अजून वळवलं (हे करायचं नसतं, नंतर कळलं), तरी सरळच. मग गॅसवरचा पाय उचलला, वजन पुढे आलं, चाकांनी पकड धरली आणि गाडी निमूटपणे वळली. सगळा खेळ दोन सेकंदांचा, पण त्या दोन सेकंदांत गाडी काय करतेय ते मला समजत होतं. सिममध्ये समजायच्या आत आपण गवतात.

बोला.

जीरावन

पॉपकॉर्न नाही, पोहे घेऊन बसलोय. शेव जास्त.

रामबागची_रेसर

दादा, राग मानू नकोस, पण तू खऱ्या गाडीत टायरच्या हद्दीच्या, म्हणजे पकड सुटते त्या जागेच्या, जवळपासही कधी गेलेला नाहीस. त्या चिखलातल्या दोन सेकंदांवर निकाल देतोयस.

हिशेब कर. 50 मीटर त्रिज्येचं वळण 40 च्या वेगाने घेतलं तर आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पावपटच येतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर साधारण 0.9 पटीपर्यंत साथ देतो. म्हणजे त्याच वळणावर हद्द येते 75 च्या आसपास. पलासियाच्या चौकात 75 ने वळून बघ. नको, बघू नकोस. सांगायचं एवढंच, की रोज आपण टायरची चार आण्यांची ताकद वापरतो आणि सिममध्ये बसल्या बसल्या पंधरा आणे काढायला जातो, तेही तासभर सलग. मग गाडी फिरली की खेळ खोटा!

दुसरं, तुझ्या खऱ्या गाडीत एबीएस आहे. सिममध्ये तू सगळ्या मदती बंद करतोस, कारण चालू ठेवल्या तर लीगमधली मुलं हसतात. प्रत्यक्षातल्या जीटी3 रेसकारमध्येसुद्धा एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस जास्त झाला तरी चाकं जागेवर फिरू न देणारी सोय) असतो, आणि तिथे कुणी हसत नाही.

आणि खोटं असतं तर विल्यम बायरन कुठून आला असता? तो मुलगा घरी कॉम्प्युटरवर आयरेसिंग हे सिम खेळून शिकला आणि 2024 व 2025, अशी सलग दोन वर्षं डेटोना 500 ही अमेरिकेतली खरी शर्यत जिंकला. आयरेसिंग सेकंदाला 360 वेळा गाडीचं गणित सोडवतं. तुझ्यापेक्षा जास्त विचार करतं.

तिरपं_टायर

सेकंदाला 360 वेळा चुकीचं गणित सोडवलं तर सेकंदाला 360 चुका होतील, एवढंच.

बायरनचं उदाहरण मला नेहमी ऐकवतात. त्याआधी लुकास ओर्दोन्येझ, 2008 च्या जीटी अकॅडमीचा (खेळ खेळणाऱ्यांतून खरा रेसर निवडायची स्पर्धा), तोही ऐकवतात. पण जिंकल्यावर त्याला उचलून थेट ल मानच्या 24 तासांच्या शर्यतीत नाही बसवला. आधी खऱ्या गाडीत शिकवलं, खऱ्या शर्यतीत घासून घेतलं, मग 2011 ला तो तिथे आपल्या वर्गात दुसरा आला. रेषा कुठली धरायची, ब्रेक कुठे मारायचा, डोकं कसं थंड ठेवायचं, हे सिम शिकवतं, मान्य. माझा वाद हद्द ओलांडल्यानंतर काय होतं त्यावर आहे.

चार आण्यांचा हिशेब मात्र मान्य. लागला जरा.

पीथमपूरकर

पोटापाण्याचा संबंध टायरशीच आहे, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. कंपनी विचारू नका.

तुम्ही दोघं ज्या जागेवरून भांडताय, नेमकी तीच जागा सगळ्यात अंधारी आहे.

टायर वळताना त्याचं तोंड एकीकडे असतं आणि तो जातो थोडा दुसरीकडे. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढवत नेला की आडवी पकड आधी झपाट्याने वाढते, मग रेंगाळते, माथा गाठते आणि मग उतरते. साध्या रस्त्यावरच्या टायरचा माथा ढोबळमानाने सहा ते दहा अंशांत येतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेका यांनी ही वक्ररेषा बांधणारं एक सूत्र रूढ केलं. त्याला 'मॅजिक फॉर्म्युला'च म्हणतात, कारण ते टायरच्या रबरातून सिद्ध केलेलं नाही, मोजलेल्या आकड्यांवर चपखल बसवलेलं आहे. आम्हीही वापरतो, खेळवालेही वापरतात.

आता गोम ऐका. चाचणीच्या यंत्रावर टायर फिरत्या पट्ट्यावर दाबून कोन वाढवतात. माथ्यापर्यंत आकडे छान येतात. पुढे गेलं की टायर तापतो, रबर सोलवटतं, आणि आपण मोजतो ते टायरचं वागणं की त्याचं मरण, हेच कळेनासं होतं. म्हणून बारा-पंधरा अंशांपुढे फारसं कुणी जात नाही. शिवाय जे मोजलेलं असतं ते टायर कंपन्या तिजोरीत ठेवतात. मग खेळ करणारा माणूस माथ्यापलीकडची रेषा कशी काढणार? पुढे ओढतो. कुणी हळू उतरवतो, कुणी कड्यावरून ढकलतो. धागाकर्ते फिरतात ते बहुधा या कड्यावरून.

याच सूत्राची आणखी एक गंमत: त्यात लागणारी घसरण काढताना गाडीच्या वेगाने भागावं लागतं. वेग शून्याजवळ आला की गणिताला फेफरं येतं. जुन्या खेळांत उतारावर ब्रेक दाबून उभी केलेली गाडी थरथरत हळूच खाली सरकायची, आठवतं? हातब्रेकचा दोष नव्हता, भागाकाराचा होता. आता त्यावर तोडगे आहेत.

पण म्हणून सिम खोटं ठरत नाही. आमच्या शेजारी नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथे गाडी घेऊन जाण्याआधी कित्येक गोष्टी आम्ही कॉम्प्युटरवरच तपासून घेतो. हद्दीच्या आत ही गणितं फार भरवशाची असतात.

रामबागची_रेसर

म्हणजे हद्दीच्या आत मी बरोबर आणि बाहेर दादा बरोबर? हे इंदुरी न्यायाधीशाचं काम झालं, दोघांनाही अर्धी जिलबी.

मला पटलेलं नाही. हल्लीचे खेळ सूत्रावर थांबत नाहीत. टायरचा पृष्ठभाग, आतलं तापमान, हवेचा दाब असं सगळं वेगळं धरतात. बीमएनजी हा खेळ तर अख्खी गाडी बिंदू आणि दांड्यांच्या सांगाड्याने बांधतं आणि सेकंदाला 2000 वेळा सोडवतं. 1998 च्या तक्रारी आज कशाला?

पीथमपूरकर

बीमएनजीत गाडी ठोकल्यावर पत्रा कसा चेपतो ते मीही तासन् तास बघितलंय, बायकोची बोलणी खाऊन. पण टायरच्या माथ्यापलीकडचा आकडा तिथेही कुणीतरी हातानेच बसवलेला असतो. बारकाई वाढली म्हणजे माहिती वाढली असं नाही.

आजोबांची_ओम्नी

मी 64 वर्षांचा, खेळ खेळत नाही. नातवाने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय.

आमच्याकडे 1996 ची ओम्नी होती. बऱ्याच जणांना माहीत नसतं, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. रिकामी असली की मागून हलकी. खंडवा रोडने भेरूघाटात पावसाळ्यात ती मागून निसटायची. चढावर जरा गॅस जास्त झाला की शेपूट हललंच. पण ते मला कधी डोळ्यांनी कळलं नाही. आधी कमरेला कळायचं. सीट एका बाजूला जराशी ओढल्यासारखी वाटे, आणि नाक वळायच्या आत हात आपोआप उलटे फिरलेले असत. घरातल्या खुर्चीत तुमची कंबर काय सांगणार? ती तर स्वस्थ बसलेली. आंधळी कोशिंबीर खेळताय आणि भिंत लागली म्हणून भिंतीला शिव्या देताय.

उपाय सांगतो. जून ते सप्टेंबर मागे गव्हाची दोन पोती ठेवायची. चार पावसाळे निघाले, एकदाही शेपूट हललं नाही.

रामबागची_रेसर

काका, या धाग्यातलं सगळ्यात बरोबर वाक्य तुमचं. पण ते माझ्याच बाजूचं आहे! गाडी खरी आहे, खुर्ची खोटी आहे.

तिरपं_टायर

अगं, पण मला खेळायला खुर्चीसकटच मिळतं ना! शरीराला इशारा पोचवता येत नसेल तर गाडी थोडी सौम्य करा, म्हणजे एकूण अनुभव खऱ्याच्या जवळ जाईल. मीठ कमी लागत असेल तर वरून घालतात. आकडा शंभर टक्के खरा आणि अनुभव शंभर टक्के खोटा, यापेक्षा मी थोडा चुकलेला आकडा घेईन.

रामबागची_रेसर

आणि मग पावती कुणी फाडायची, की अमक्या माणसाच्या कमरेसाठी एवढी पकड वाढवली? मला खऱ्या गाडीचा आकडा हवाय. कंबर मी शोधेन. मी शोधलीही आहे: हातात आणि कानात. टायर माथ्याजवळ आला की आवाजाचा सूर बदलतो आणि स्टिअरिंग किंचित हलकं होतं. तीनशे तास गेले हे कळायला.

पीथमपूरकर

स्टिअरिंग हलकं होणं हा मुद्दा सोन्याचा आहे. धागाकर्ते, दोन गोष्टी मोजून सांगा. एक, व्हीलचा फोर्स फीडबॅक (स्टिअरिंग हाताला देतं तो जोर) किती टक्क्यांवर ठेवलाय? दोन, पडद्याची रुंदी आणि डोळ्यांपासूनचं अंतर. आणि खेळात फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन, काय ठेवलाय?

तिरपं_टायर

फोर्स 120 टक्के. जड स्टिअरिंग आवडतं. पडदा 60 सेंटीमीटर रुंद, डोळ्यांपासून 75. खेळात आडवा कोन 90 अंश, कारण आजूबाजूच्या गाड्या दिसायला हव्यात.

पीथमपूरकर

हरे राम.

तुमचं गियरवालं स्वस्त व्हील जेमतेम दोन-सव्वादोन न्यूटन-मीटर जोर देतं. 120 वर ठेवलंत म्हणजे मध्यम वळणातच ते पूर्ण ताकदीला टेकतं. त्यापुढे टायरवर जोर वाढला काय आणि सुटला काय, हाताला सगळं सारखंच. फाटक्या स्पीकरवर गाणं मोठं केल्यासारखं. रामबागवाल्या ताईंना जो हलकेपणा लागतो, तो तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

पडद्याचं तसंच. 60 सेंटीमीटरची खिडकी 75 वरून बघितली तर खरा कोन 44 अंशांच्या आसपास भरतो. तुम्ही त्यात 90 अंश कोंबलेत. गाडी तीन अंश फिरली तर पडद्यावर जेमतेम दीड अंश फिरल्यासारखं दिसणार. कंबर नव्हतीच, हात बधिर केलात आणि डोळेही अर्धे झाकलेत.

जीरावन

दुसरी प्लेट मागवली.

तिरपं_टायर

काल रात्री फोर्स 65 वर आणला, कोन 50 वर. तुमच्या 44 पर्यंत हिंमत झाली नाही, बाजूचं काहीच दिसेना. तेच वळण, तीच गाडी, वीस फेऱ्या. दोनदा फिरलो. आधी वीसमध्ये सात-आठ वेळा फिरायचो. आणि हो, ते हलकं होणं जाणवलं. उकडलेल्या बटाट्यात सुरी शिरावी तसं मऊ.

पण मूळ मुद्दा सोडलेला नाही. त्या दोन वेळा फिरलो तेव्हा उलटं स्टिअरिंग वेळेवर दिलं होतं, रिप्लेत बघितलं. खरी हॅचबॅक तिथे सावरली असती. गॅस सोडल्यावर मागून निसटू नये म्हणूनच तर घरगुती गाडी मुद्दाम नाकाने बाहेर जाईल अशी बांधतात ना?

पीथमपूरकर

बांधतात. त्या दोन फेऱ्यांपुरतं मी तुमच्या बाजूने आहे. कडा.

रामबागची_रेसर

टायरचं तापमान काय होतं? पहिल्या दोन फेऱ्या असतील तर टायर थंड होते.

तिरपं_टायर

...दुसरी आणि तिसरी फेरी.

रामबागची_रेसर

🙂

तिरपं_टायर

तिसरीला गरम झाले होते!!

काका, रविवारी अन्नपूर्णा रोडला माझ्याकडे या. नातवालाही आणा. तुम्हीच बसून सांगा.

आजोबांची_ओम्नी

येतो. त्यात ओम्नी आहे का?

तिरपं_टायर

कुणीतरी बनवून टाकलेली मिळते का बघतो.

पीथमपूरकर

काका, आधी एक सांगायचं राहिलं. पोत्यांचा उपाय चढावर बरोबर, मागच्या चाकांवर वजन आलं की ती फिरत बसत नाहीत. पण उतारावरच्या वळणात तेच वजन शेपटाला बाहेर ओढतं. आणि वजन दुप्पट केलं म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, कमीच पडते.

आजोबांची_ओम्नी

उतरताना पोती इंदूरला घरी पोचलेली असायची. घाटाखालच्या सनावदहून ती चढून यायची. मुलाच्या सासरचा गहू होता तो.

खेळात वजन टाकायची सोय आहे ना? दोन पोती, प्रत्येकी 50 किलो. त्याशिवाय मी बसणार नाही.