मदत हवी आहे: कोकणातल्या आमच्या जुन्या ज्यू कब्रस्तानातलं रान कसं आवरायचं?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, पण प्रश्न कोकणातला आहे म्हणून रायगडकडच्या लोकांनी आणि झाडाझुडपातलं कळणाऱ्या सगळ्यांनीच जरा वाचा. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आबाजी रेल्वेत लागले नि इकडं आले तेव्हापासून आम्ही नागपूरकर, पण आबाजींचे आईवडील अन् त्यांच्या मागची माणसं अलिबाग तालुक्यातल्या एका गावात पुरलेली आहेत. १९४८ नंतर तिथली घरं हळूहळू इस्रायलला गेली, आता गावात आमचं कोणीच नाही. म्हातारी माणसं अजून त्या जागेला शनवार तेल्यांची जागा म्हणतात, शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचे ना आमचे लोक, म्हणून.

जागा उताराची आहे. तीसेक कबरी दिसतात, बाकीच्या झाडीत गेल्या. घाणेरी, रानमोडी, करवंदाच्या जाळ्या, आणि दोन कबरींच्या सांध्यातून पिंपळ.

मागच्या वर्षी मे महिन्यात पैसे पाठवून एका माणसाकडून साफ करून घेतलं. लोखंडी पात्याचं ग्रास कटर घेऊन आला, दोन दिवसात जागा मोकळी, फोटो पाहून मी खूप खूश. मग आमच्या नवीन वर्षाच्या आधी, सप्टेंबरात, आम्ही गेलो तर पुन्हा छातीएवढं रान! आणि रानाच्या आत जे दिसलं त्यानं रडूच आलं. पिंपळ त्यानं दोर बांधून ओढला होता, त्याच्यासोबत वरची शिळाच उचलली जाऊन तिचे दोन तुकडे झाले. पणजीच्या दगडावरचं शेवाळ मी ओल्या फडक्यानं हळूहळू पुसलं, वर पे आणि नून ही हिब्रू अक्षरं नीट आहेत, म्हणजे पो निकबर, इथं पुरलंय, पण त्याखालची मराठी ओळ जमिनीलगत होती तिथं पात्याचे पांढरे ओरखडे, एकावर एक, नखासारखे वाकडे. फक्त 'बाई' एवढं वाचता आलं. मला हिब्रू धड येत नाही हो, मराठी येते, आणि मराठीच गेली.

तेव्हापासून यावरच वाचून राहिली आहे. आपल्याकडं वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तिथं २००० च्या वर, त्यामुळं मे महिन्यात कापणं म्हणजे पावसाला रान मोकळं करून देणं. घाणेरी वरून कापली की बुडातून चार-पाच फुटवे येतात. तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचावर कापलं तर मरते म्हणे. कबरींच्या मधल्या जागेत एवढं चालेल, पण प्रत्यक्ष कबरीवर कुदळ मारायची नाही, खाली माणसं झोपली आहेत.

फवारणी करा असं सगळेच सांगतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी दगावले ते आम्ही विदर्भवाले विसरलो नाही, मी कोणाच्या पाठीवर पंप देणार नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक तर परवानावाल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा नियम २०२२ मध्ये निघाला होता. आणि सगळं एकदम मेलं की उतारावरची माती धरणार कोण, पहिल्या मोठ्या पावसात दगड कलंडायचे.

तर मला विचारायचं असं की तिथं मुद्दाम काय वाढू द्यावं? आपल्याकडं तरोटा माजला की गाजरगवत मागं पडतं, कोकणात त्यालाच टाकळा म्हणतात. तो रानमोडीलाही दाबतो का, की हरळी पसरवलेली बरी? दुसरं, रानमोडीला फुलं यायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, एक कापणी केली तर बी पडणं कमी होईल ना, की पावसातही एक करावीच लागेल? आणि पिंपळ न ओढता कसा मारायचा? खोडाला भोक पाडून हिंग भरतात असं माझी आई सांगायची, कोणी खरंच करून पाहिलंय का? मोडलेल्या शिळेला सिमेंट नको, चुन्यातच बसवायची आहे, ते काम येणारा गवंडी अलिबाग, रोह्याकडं अजून मिळतो का तेही सांगा.

अपडेट: एवढ्या जणांनी लिहिलं, मनापासून आभार. बकऱ्या सोडा असं तिघांनी सुचवलं, गावातले एक काका पण फुकट सोडायला तयार आहेत, पण आमच्यात कब्रस्तानात जनावरं चारत नाहीत. तिथलं गवतही घरी नेऊन वापरत नाहीत, काढलं तर तिथंच जाळतात, मेलेल्यांचा मान म्हणून. जाळायचं तर दूर कोपऱ्यात, दगड तापून तडकायला नको. जेसीबी तर अजिबातच नाही. दगडापासून हातभर अंतरात फक्त विळा आणि बाहेर नायलॉन दोरीचं कटर, हे ज्या ताईंनी सांगितलं ते पटलं, तसंच करणार आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी स्वतः येऊन चार दिवस थांबते. शनिवार सोडून काम करतील अशी दोन माणसं हवीत, हळू केलं तरी चालेल, रोज मी पूर्ण देईन. तिकडं सध्या दिवसाची मजुरी काय चालू आहे तेवढं कळवा.