टाचेच्या शस्त्रक्रियेनंतर पावलाची बाहेरची कड दुखणे

आपल्या आईंच्या टाचेवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले, टाचेची कळ गेली, पण आता पावलाची बाहेरची कड दुखू लागली, हे वाचले. दोन वर्षांपूर्वी मीही यातून गेले आहे. या शस्त्रक्रियेत टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचा आतल्या बाजूचा काही भाग कापून ताण सैल करतात, आणि त्यामुळे पावलाच्या कमानीला पूर्वीचा आधार मिळेनासा होऊन शरीराचा भार काही काळ बाहेरच्या कडेवर येतो. म्हणूनच हे दुखणे पुष्कळांना होते आणि चालणे कमी केले, बुटात कमानीला आधार दिला की बहुधा ओसरते.

जखम तांदळाच्या दाण्याएवढी दिसत असल्याने आपण बरे झालो असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. माझे टाके बाराव्या दिवशी निघाले, पाचव्या आठवड्यात मी पर्वतीच्या पायऱ्या चढले आणि पुढचे आठ दिवस पाऊल सुजलेले राहिले. आईंना घरातल्या शहाबादी फरशीवर कृपया अनवाणी चालू देऊ नका. सकाळी अंथरुणातून उठताना मऊ तळाची चप्पल पायाशीच असावी. पोटरी ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावरच सुरू करावेत. मात्र जखमेतून पू आला, ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.