अनुभव धागा: फ्लॉरेन्स, आर्नो नदीच्या पलीकडचं ओल्त्रार्नो

फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोटोंत डुओमो म्हणजे तिथलं मुख्य कॅथेड्रल असतं, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असतो आणि पोंते वेक्किओ या जुन्या पुलावरची सेल्फी असते. पूल ओलांडून ओल्त्रार्नोत मात्र फारसं कुणी रेंगाळत नाही. मला शहराचा तोच काठ जास्त आवडतो. तुम्ही तिथे काय पाहिलंत, काय खाल्लंत, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

सांता मारिया देल कार्मिने हे चर्च बाहेरून नुसत्या ओबडधोबड दगडांचं. आतल्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये मासाच्चो या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. स्वर्गातून हाकलले गेलेले ॲडम आणि ईव्ह बघा. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, तिचं डोकं मागे गेलंय आणि तोंड उघडं, अगदी हंबरडा फोडल्यासारखं. समोरच्या खांबावर मासोलिनो या दुसऱ्या चित्रकाराने रंगवलेलं तेच जोडपं किती शांत! हे चितारणारा मासाच्चो 26 व्या वर्षी गेला. 1771 च्या आगीत चर्च होरपळलं, पण ही चित्रं वाचली. आत मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा बुकिंग आधीच करा.

नाशिककर

आम्ही गल्ल्याच धुंडाळल्या. सांतो स्पिरितो चर्चच्या आसपास अजून फ्रेम करणारे, सोन्याचा वर्ख लावणारे, जुनी कपाटं दुरुस्त करणारे आहेत. एका कागदवाल्याने आत बोलावलं. पसरट ट्रेमध्ये दाटसर पाणी, त्यावर रंगाचे थेंब. ते बुडत नाहीत, पसरतात. मग फणी फिरवली की मोरपिसासारखी नक्षी उमटते. त्यावर कागद अलगद टेकवायचा आणि एका बाजूने उचलायचा. तीच नक्षी पुन्हा कधीच येत नाही. मुलीने हलायचं नाव घेतलं नाही. अशा ठिकाणी काहीतरी विकत घ्याच, ही दुकानं त्यावरच चालतात.

ठाणेकर

संध्याकाळी सांता त्रिनिता पुलावर थांबा, तिथून पोंते वेक्किओ छान दिसतो. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, फक्त पोंते वेक्किओ ठेवला. सांता त्रिनिता नंतर जसा होता तसा पुन्हा बांधला. त्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं तेव्हा हरवलेलं शिर मात्र 1961 मध्ये नदीत सापडलं!

वडोदऱ्याहून

सासू-सासरे बरोबर, दोघंही शुद्ध शाकाहारी. रिबोल्लिता म्हणजे पाव, पांढऱ्या राजम्यासारखे दाणे आणि काळसर कोबीचं घट्ट सूप. ते दोघांनाही आवडलं, पण मांसाचं पाणी घातलंय का ते आधी विचारा. तिथल्या पावात मीठ नसतं, लोणचं जवळ असू द्या. पित्ती महालामागच्या बोबोली बागेत चढ भरपूर आहे. गुडघे दुखत असतील तर महाल पाहून थांबलेलं बरं.

कोल्हापूरकर

ओल्त्रार्नोच्या जरा बाहेरचं लिहितोय, पण नदी तीच आहे. आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथे दहनाची पद्धत नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो-मुन्योनेच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी 1874 मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आमच्या न्यू पॅलेसचे वास्तुकार. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. कोल्हापुरातून निघताना वडिलांनी बजावलं होतं, तिथे डोकं टेकवून ये. टेकवलं आणि रडूच आलं. शेजारून एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिने थांबून हे कोण म्हणून विचारलं. मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, आमचा राजा.

बोलोन्याहून

कोल्हापूरकरांना दंडवत. जाणाऱ्यांसाठी: छत्री काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्रामने काशिने थांब्यावर उतरलात तरी पुढे तीनेक किलोमीटर चालायचंय, सायकल भाड्याने घेतलेली उत्तम. शेजारच्या मोठ्या केबल पुलालाही महाराजांवरूनच 'इंडियन'चा पूल म्हणतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा आणि पाण्याची बाटली भरून घ्या.