फायरफॉक्समध्ये कुकीजचा अपवाद नोंदवूनही रोज नव्याने लॉगिन करावे लागते, मदत हवी आहे

माझे वडील सांगलीला असतात आणि मी नोकरीनिमित्त नाशिकला. सकाळचा चहा झाला की ते संगणक सुरू करून एका मासिकाच्या संकेतस्थळावर जुने अंक वाचतात. वर्गणी माझ्या मोबाईल क्रमांकावर भरलेली असल्यामुळे ओटीपी माझ्याकडे येतो. मी बैठकीत असलो तर दुपार होते, आणि वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांनी वाचनासाठी असे ताटकळत बसावे, हे मला फार लागते.

फायरफॉक्स हा ब्राउझर बंद होताना सर्व कुकीज (लॉगिन लक्षात राहावे म्हणून संकेतस्थळे संगणकावर ठेवतात ती छोटी माहिती) पुसल्या जाव्यात, या पर्यायावर खूण मीच केली आहे, कारण शेजारची मुले प्रवेशअर्ज भरायला त्याच संगणकावर येतात आणि त्यांची खाती उघडी राहू नयेत. ती खूण मला काढायची नाही. म्हणून गेल्या रविवारी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील ‘मॅनेज एक्सेप्शन्स’ (ज्यांच्या कुकीज पुसायच्या नाहीत अशा अपवादांची यादी) उघडून मासिकाचा पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह भरला, ‘अलाऊ’ दाबले आणि बदल जतन केले. यादीत नोंद दिसते, तरीही सोमवारी पुन्हा ओटीपी आला.

काल व्हिडिओ कॉलवर पाहिले, तर लॉगिनच्या पानावर पत्त्यातील ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या जागी ‘लॉगिन’ असे येते. त्याची नोंद वेगळी करावी लागते का? की ‘अलाऊ फॉर सेशन’ निवडायला हवे होते?

प्रतिसाद १

आपली शंका योग्य आहे. अपवादाची नोंद दिलेल्या पत्त्याला आणि त्याच्या उपपत्त्यांना (मूळ पत्त्याच्या आधी ‘लॉगिन’सारखा शब्द जोडून होणाऱ्या पत्त्यांना) लागू होते, शेजारच्या उपपत्त्याला नाही. त्यामुळे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद ‘लॉगिन’च्या कामाची नाही. जुनी नोंद काढून सुरुवातीचे काहीही न लिहिता केवळ मूळ पत्ता भरा, म्हणजे ‘एचटीटीपी’ आणि ‘एचटीटीपीएस’ अशा दोन्ही नोंदी आपोआप होतील. लॉगिन पूर्णपणे निराळ्या पत्त्यावर होत असते, तर त्याचीही नोंद करावी लागली असती. ‘अलाऊ फॉर सेशन’ मात्र निवडू नका, कारण त्या कुकीज ब्राउझर बंद करताच जातात, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट.

एवढे करूनही अडचण राहिली, तर लॉगिन केल्यावर शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबून कुकीजची यादी पाहा. मुदतीच्या रकान्यात तारखेऐवजी ‘सेशन’ लिहिलेले असेल, तर ती कुकी तात्पुरती असावी असे संकेतस्थळानेच ठरवलेले असते आणि तिथे अपवादाचा उपयोग होत नाही. संगणकावर साफसफाईचे एखादे सॉफ्टवेअर असल्यास तेही तपासा. ते फायरफॉक्सची यादी न जुमानता कुकीज पुसू शकते. शिवाय मुलांसाठी फायरफॉक्समध्ये स्वतंत्र प्रोफाइल (वेगळ्या कुकीज आणि सेटिंग्ज असलेला कप्पा) करून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन, म्हणजे वडिलांच्या खात्याला चुकूनही हात लागणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री फोनवर सांगत सांगत वडिलांकडूनच जुनी नोंद काढून नवी करवून घेतली. त्यानंतर शेवटचा एकदा ओटीपी सांगितला आणि यादी वाचायला लावली, तेव्हा एका कुकीपुढे ‘सेशन’ आणि दुसरीपुढे पुढच्या महिन्यातील तारीख निघाली. आज सकाळी ओटीपी आला नाही. साडेआठला वडिलांचा फोन आला, तो वाचून झालेल्या लेखाबद्दल सांगायला. मुलांचा प्रोफाइल येत्या रविवारी करतो.