ब्रेंडा ब्लेथिनचा कॅफेतला प्रसंग मुलांना कसा दाखवावा?

प्रश्न: अभिनयाच्या शिबिरात ‘सीक्रेट्स अँड लाइज’ या चित्रपटातला (१९९६) कॅफेतला प्रसंग दाखवायचा आहे. नेमकं काय टिपायला सांगावं? जोडीला त्याच काळातलं आणखी एक काम सुचवा.

प्रतिसाद १: कट, म्हणजे दोन शॉटमधला जोड, शोधायला सांगा; सापडणार नाही. कॅमेरा जागचा हलत नाही, सिंथिया (ब्लेथिन) आणि तिने जन्मतःच दत्तक दिलेली, आता मोठी झालेली कृष्णवर्णीय मुलगी अशा दोघी टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसलेल्या, आणि शॉट सात मिनिटांहून जास्त चालतो. आपला कधी कृष्णवर्णीय पुरुषाशी संबंधच आला नाही, असं सिंथिया ठामपणे सांगते. मग बोलता बोलता तिला आठवतं. तोंडातले शब्द विरतात, चेहरा वळतो, रडू फुटतं. आठवण येते तो क्षण रडण्याच्या आधीचा आहे. तिथेच थांबवून पुन्हा दाखवा. कान चित्रपट महोत्सवात ब्लेथिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही!

प्रतिसाद २: एक भर. मुलगी कृष्णवर्णीय आहे हे दिग्दर्शक माइक ली यांनी ब्लेथिनला तालमीतल्या भेटीपर्यंत सांगितलंच नव्हतं. पण म्हणून कॅमेऱ्यासमोर आयत्या वेळी सुचेल ते बोललंय असं नाही. त्यांच्या पद्धतीत उत्स्फूर्त तालमींतून संवाद आधी पक्के होतात. मुलं नेमकी इथे चुकतात, अखंड बडबडत सुटतात.

प्रतिसाद ३: जोडीला ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९९३) घ्या. एमा थॉम्पसनची मिस केंटन बटलरच्या मुठीतलं पुस्तक एकेक बोट हळूच सोडवत काढून घेते, तो प्रसंग. आवाज अगदी खाली, घाई नाही. आधी आवाज बंद करून दाखवा, म्हणजे लक्ष हातांकडे जाईल.